तडा किती खोल, हे लेसरला विचारायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात साधारण 60 मिमी व्यासाचे ईएन-19 (एक मिश्र पोलाद) चे शाफ्ट हार्डनिंग-टेम्परिंग (तापवून तेलात क्वेंच म्हणजे एकदम गार करणं आणि मग पुन्हा बेताचं तापवणं) करून ग्राइंड होतात. टेम्परिंगनंतर एमपीआय (जॉब चुंबकित करून लोखंडी पावडरने तडे दाखवणारी तपासणी) केली की काही जॉबवर तडे दिसतात. ग्राइंडिंगसाठी प्रत्येक बाजूला दीड मिमी माल सोडलेला असतो. कधी त्यात तडा निघून जातो, तर कधी सगळा माल खाऊनही तो तिथेच बसलेला असतो आणि तोवर झालेली मेहनत भंगारात जाते. साहेबांनी लेसर अल्ट्रासाऊंडचं प्रात्यक्षिक पाहिलं आहे. विचारणाऱ्या तरुण क्वालिटी इंजिनिअरला तीन गोष्टी हव्या आहेत: लेसरने किती बारीक तडा दिसतो, एमपीआय बंद करता येईल का, आणि जॉब गरम असतानाच तपासता येईल का.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमची खरी अडचण तडा दिसत नाही ही नाहीच. एमपीआय तो व्यवस्थित दाखवते आहे. तडा किती खोल आहे हे कळत नाही, म्हणून जॉब ग्राइंडिंगला पाठवायचा की तिथेच बाजूला काढायचा हा निर्णय अडतो. एमपीआयच्या रेषेवरून खोली सांगता येत नाही, कोणीही कितीही अनुभवी असो. आमच्या बडोद्याच्या शॉपफ्लोअरवर तड्याला तिराड म्हणतात, आणि जुने ऑपरेटर ठासून सांगतात की तिराड जाड दिसली म्हणजे खोल. मी उलटंही खूप पाहिलं आहे. उथळ पण तोंड उघडं असलेला तडा भरपूर पावडर ओढतो, आणि चार मिमी आत गेलेला घट्ट तडा केसासारखी फिकट रेघ देतो.

लेसर अल्ट्रासाऊंडचं मोल आहे ते इथे. नुसता तडा शोधायला एवढं महागडं यंत्र घेऊ नका. खोली मोजायला, तेही प्रोब टेकवता येत नाही अशा ठिकाणी, ते खरंच उपयोगी आहे. मी बडोद्यात सव्वीस वर्षं एनडीटीचं, म्हणजे माल न तोडता तपासण्याचं, काम करते आहे, त्यातली गेली काही वर्षं लेसरवर. पुढचं सगळं त्या अनुभवातून आहे. तुमच्या जॉबचा पृष्ठभाग, तड्यांची दिशा आणि दिवसाला किती नग निघतात यावर बरंच अवलंबून राहील.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. एनडी-याग लेसरचा सुमारे 10 नॅनोसेकंदांचा एक झटका पोलादावर पडतो. तेवढ्या जागेचा पातळ थर एकदम तापतो, प्रसरण पावतो, आणि त्या धक्क्याने ध्वनिलहरी निघतात. अशा क्षणिक तापण्यातून लवचीक लहरी निघतात हे आर. एम. व्हाइट यांनी 1963 मध्ये दाखवलं. निघणाऱ्या लहरींपैकी आपल्या कामाची लहर पृष्ठभागाला चिकटून जाते. लॉर्ड रॅले यांनी 1885 मध्ये तिचं गणित मांडलं म्हणून तिला रॅले लहर म्हणतात. पोलादात ती सेकंदाला जवळपास 3000 मीटर धावते आणि तिची बरीचशी ऊर्जा साधारण एका तरंगलांबीइतक्या खोलीत असते. काही अंतरावर दुसरा लेसर इंटरफेरोमीटरच्या मदतीने पृष्ठभागाची हालचाल वाचतो. ही हालचाल नॅनोमीटरच्या घरात किंवा त्याहून कमी असते. ना जेल, ना ग्रीस, ना प्रोब.

'एका तरंगलांबीइतक्या खोलीत' हे लक्षात ठेवा, खोलीचा सगळा हिशोब त्यावर उभा आहे. 1 मेगाहर्ट्झला रॅले लहरीची तरंगलांबी सुमारे 3 मिमी, 3 मेगाहर्ट्झला 1 मिमी, 10 मेगाहर्ट्झला 0.3 मिमी. आता 1 मिमी खोल तडा वाटेत आला असं धरा. 10 मेगाहर्ट्झची लहर पूर्णपणे त्या एक मिमीच्या आतच राहते, म्हणून ती तड्यावर आपटून परतते. 1 मेगाहर्ट्झची लहर तीन मिमीपर्यंत पसरलेली असते, तिचा मोठा भाग तड्याच्या खालून निघून जातो. तडा म्हणजे एक गाळणी झाली. बारीक लहरी अडतात, लांब लहरी पार होतात, आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून अडायला लागतात यावरून खोली निघते. लेसरच्या एकाच झटक्यात सगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र सुटतात, म्हणून हा हिशोब एका शॉटमध्ये मांडता येतो. साध्या प्रोबला आपली ठरलेली फ्रिक्वेन्सी असते, तिथे हेच करायला दोन-तीन प्रोब बदलावे लागतात.

पुरवठादार इथे एक गोष्ट सांगत नाहीत. झटका 10 नॅनोसेकंदांचा आहे म्हणून पृष्ठलहरीत पन्नास-शंभर मेगाहर्ट्झ मिळतील, असं होत नाही. झटका पोलादावर एका बारीक रेषेच्या रूपात पाडतात, ती रेषा किती रुंद आहे यावर वरची मर्यादा ठरते. रेषा 0.3 मिमी रुंद असेल तर लहरीला ती ओलांडायलाच शंभर नॅनोसेकंद लागतात, त्याहून बारीक लहरी एकमेकींना मारून टाकतात. व्यवहारात अशा रेषेतून काही मेगाहर्ट्झपर्यंतच दमदार सिग्नल मिळतो. तुम्हाला अर्धा मिमी ते तीन मिमी एवढ्याच पट्ट्यातली खोली हवी आहे, त्यामुळे ते पुरेसं आहे. म्हणूनच 'किती बारीक तडा दिसतो' याचं प्रामाणिक उत्तर यंत्राच्या पत्रकावर नसतं. रेषेची रुंदी, पृष्ठभागाचा गोंगाट आणि किती शॉटची सरासरी घेता यावर ते ठरतं. साफ ग्राइंड केलेल्या पोलादावर 0.2 मिमीची खाच मी दरवेळी पकडली आहे. भट्टीतून आलेल्या स्केलवाल्या (ऑक्साइडची खपली चढलेल्या) जॉबवर अर्ध्या मिमीच्या खाली मी छातीठोकपणे बोलणार नाही.

स्क्रीनवर हे कसं दिसतं तेही सांगते, कारण पहिल्यांदा पाहताना गोंधळ होतो. वाचणारा लेसर एका जागी ठेवायचा आणि झटके देणारी रेषा 0.1 मिमीच्या पायऱ्यांनी सरकवायची. प्रत्येक शॉटला 'टिक' असा बारीक आवाज येतो. आडव्या अक्षावर रेषेची जागा, उभ्या अक्षावर वेळ. सरळ येणारी लहर एक तिरपी रेघ काढते, रेषा वाचणाऱ्या बिंदूकडे जाईल तसा वेळ कमी होत जातो. तड्यावर आपटून येणारी लहर उलट्या उताराची रेघ काढते. दोन्ही रेघा तड्याच्या जागी मिळतात आणि पडद्यावर स्वच्छ 'व्ही' उमटतो. व्हीच्या पलीकडे, म्हणजे तडा मध्ये आल्यावर, सरळ रेघ एकदम फिकट होते. ती किती फिकट झाली आणि तिच्यातल्या कुठल्या फ्रिक्वेन्सी गेल्या हे वाचायचं. ओलावा, डाग, ओरखडे यांनी व्ही होत नाही. म्हणून व्ही दिसल्याशिवाय मी तडा म्हणून सही करत नाही.

हा नियम मी चूक करून शिकले. रेषा बरोबर तड्याच्या तोंडावर आली की सिग्नल एकदम उसळतो, कारण तिथे धातूची कड मोकळी असते आणि धक्क्याचं वागणं बदलतं. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात यान आखेनबाख यांच्या गटाने या उसळीवरच बारीक तडे शोधण्याची पद्धत उभी केली आणि ती चांगली चालते. सुरुवातीच्या दिवसांत एका कारखान्याच्या जॉबवर मला अशी सुंदर उसळी दिसली आणि मी तडा जाहीर केला. जॉब कापला, तर आत काही नाही. त्या जागी इन्स्पेक्टरने काळ्या मार्करने खूण केली होती. काळा रंग लेसर जास्त शोषतो, जास्त तापतो, जोरात धक्का देतो. एक चांगला जॉब माझ्या सांगण्यावरून कापला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर नुसत्या उंचीवर मी कधी विसंबले नाही. उसळीबरोबर व्ही हवा आणि पलीकडची लहर गाळलेली हवी. तुमच्याकडे ट्रायल झाली तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा की एमपीआयच्या खुणा जॉबवर नको, शाफ्टच्या टोकाला टॅग बांधा.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. प्रात्यक्षिकात तुम्हाला खाच दाखवतील, वायरकटने (ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने) पाडलेली, 0.5, 1 आणि 2 मिमी खोल. त्या खाचांवर यंत्र अगदी बरोबर आकडा देतं, साहेब खूश होतात. पण वायरकटची खाच 0.3 मिमी रुंद असते, तिच्या भिंती एकमेकींपासून लांब. क्वेंचिंगचा खरा तडा ठिकठिकाणी बंद असतो. दाबाखाली भिंती टेकतात आणि टेकलेल्या भिंतींतून लहर पार होते. यंत्राला वाटतं तडा उथळ आहे. म्हणजे चूक होते ती धोक्याच्या बाजूने. तीन मिमीचा तडा सव्वा मिमी म्हणून पुढे जाईल, ग्राइंडिंगमध्ये तो निघणार नाही, आणि तुम्ही आज जिथे आहात तिथेच परत याल. निदान ग्राइंडिंगनंतरची एमपीआय चालू असेल तर तो पकडला तरी जाईल. एमपीआय बंद करता येईल का, याला माझं उत्तर म्हणूनच नाही असं आहे. शिवाय ड्रॉइंगवर एमपीआय लिहिलेली असेल तर ग्राहकाच्या लेखी मान्यतेशिवाय ती काढण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

यावर उपाय आहे, थोडा कष्टाचा. तुमच्या भंगारात पडलेले तडकलेले पाच-सहा शाफ्ट घ्या. आधी त्यांच्यावर लेसरने खोली मोजून लिहून ठेवा. मग तड्याभोवतीचा वितभर तुकडा कापा आणि तड्याच्या समोरच्या बाजूने मागून खाच मारा. टेम्पर केलेलं ईएन-19 चिवट असतं, सहज तुटत नाही, म्हणून तुकडा लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवून पुरता गार करायचा आणि वाइसमध्ये धरून हातोडीचा एक घाव घालायचा. तो तड्याच्या वाटेने उघडतो. आतली भिंत डोळ्यांनी दिसते, खोली पट्टीने मोजता येते. लेसरचा आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी मांडा. फरक किती आणि कुठल्या बाजूला जातो ते कळलं की तुमच्या मालासाठी सुरक्षित मर्यादा ठरवता येते. माझ्या एका कामात यंत्र 1 मिमी म्हणालं की आम्ही 1.6 धरत होतो. तुमचा आकडा वेगळा निघेल, माझा घेऊ नका.

दिशेबद्दल. लहर तड्यावर आडवी आपटली पाहिजे. ती तड्याला समांतर धावली तर शेजारून निघून जाईल. क्वेंचिंगचे तडे शाफ्टवर बहुतेकदा लांबीच्या दिशेने जातात, किंवा कीवेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) कोपऱ्यातून फुटतात. त्यांच्यासाठी लेसरची रेषा शाफ्टच्या लांबीला समांतर ठेवायची आणि शाफ्ट फिरवायचा. स्टेपच्या (व्यास बदलतो त्या जागेच्या) फिलेट रेडियसवर, म्हणजे कोपऱ्याच्या गोलाईवर, तडा परिघाच्या दिशेने जातो, तिथे रेषा आडवी करून लांबीच्या दिशेने स्कॅन करायचं. ट्रायलला जाताना तुमच्या एमपीआयचे फोटो बरोबर न्या, तडे कुठे आणि कसे येतात ते त्यात दिसेल. त्यावरूनच फिक्स्चर कसं हवं ते ठरेल.

वेळेचा हिशोब करून पाहा. 20 मिमीचा पट्टा 0.1 मिमीने स्कॅन करायला 200 शॉट लागतात. 20 हर्ट्झचा लेसर असेल तर दहा सेकंद, आणि गोंगाटामुळे प्रत्येक जागी 16 शॉटची सरासरी घेतली तर अडीच मिनिटांहून जास्त. पूर्ण शाफ्ट असा चाळत बसलात तर पाळी संपेल. म्हणून आधी एमपीआयने तडा शोधायचा आणि लेसर फक्त त्या जागी न्यायचा, हीच मला व्यवहारी वाट वाटते.

शॉपफ्लोअरवर अडचणी येतात. सैल स्केल असेल तर लेसरचा झटका पोलादाला न मिळता खपलीला मिळतो, खपली उडते आणि प्रत्येक शॉट वेगळा येतो. हलकं शॉट ब्लास्ट करून घ्यावं, पण जोरात नको, त्याने तड्याची तोंडं मिटतात आणि मग एमपीआयलाही त्रास होतो. खडबडीत पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश ठिपक्याठिपक्यांचा असतो. साधा मायकेल्सन इंटरफेरोमीटर तिथे हात टेकतो, त्यासाठी कन्फोकल फॅब्री-पेरो किंवा टू-वेव्ह मिक्सिंगचा रिसीव्हर मागा. शेजारच्या शेडमध्ये फोर्जिंगचा हॅमर असेल तर ट्रायल तो चालू असतानाच घ्या. शांत प्रयोगशाळेत चाललेलं यंत्र हॅमरच्या धक्क्यात बिथरतं. आणि झटक्याची ऊर्जा कमीच ठेवा. दर चौरस सेंटिमीटरला काही कोटी वॉटच्या पुढे गेलात की धातूचा थर उडायला लागतो. सिग्नल मोठा मिळतो, पण तयार जॉबवर रेघ उमटते.

डोळ्यांबद्दल मी हात जोडून सांगते. हा वर्ग 4 चा लेसर आहे. 1064 नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याचं भिंग त्याला सरळ दृष्टिपटलावर केंद्रित करतं, आणि 60 मिमीचा ग्राइंड केलेला शाफ्ट म्हणजे फिरता आरसा. पूर्ण बंद केबिन, दार उघडताच लेसर बंद करणारा इंटरलॉक, आणि त्या तरंगलांबीसाठीचेच चष्मे. वेल्डिंगचा काळा चष्मा चालेल असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. एका क्षणात गेलेली नजर परत येत नाही.

मग यंत्र घ्यायचं का? तड्यांची जागा काय आहे यावर. तडे सरळ, मोकळ्या दंडगोल भागावर असतील तर आधी पोटेन्शियल ड्रॉपवर चालणारा क्रॅक डेप्थ मीटर वापरून पाहा. चार पिना टेकवायच्या, करंट सोडायचा, करंटला तड्याला वळसा घालून जावं लागतं, त्यावरून खोली निघते. खर्च लेसरच्या मानाने अगदी थोडा. भिंती टेकल्या असतील तर करंटही सरळ पलीकडे जातो, त्यामुळे तुकडे फोडून पडताळणी इथेही करावीच लागेल. पृष्ठलहरींचा साधा वेज प्रोबही चालू शकतो. पण तडे कीवेच्या कोपऱ्यात आणि लहान फिलेटमध्ये असतील, तर तिथे ना पिना बसत, ना वेज. तिथे लेसरला माझ्या पाहण्यात तोड नाही, आणि दिवसाला दोन-तीन महाग जॉब वाचत असतील तर त्याचा विचार जरूर करा. विकत घेण्याआधी आठ-दहा जॉब घेऊन पैसे देऊन ट्रायल करा. तुमच्याच तडकलेल्या जॉबवर, त्यांच्या खाचांवर नाही.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, गरम असताना तपासण्याचा. लेसरची ही मोठी ताकद आहे, सीमलेस पाइपच्या कारखान्यांत तापलेल्या पाइपची जाडी याच पद्धतीने मोजतात. 770 अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाचं चुंबकत्वच जातं, म्हणजे एमपीआय संपली, आणि डीपी टेस्टची (तड्यात रंगीत द्रव शिरवून पाहण्याची) नेहमीची मर्यादा 52 अंशांची, जी आपल्याकडे मे महिन्यात उन्हात पडलेला शाफ्टही ओलांडतो. पण तुमच्या बाबतीत पाहा, क्वेंचिंगचा तडा भट्टीत नसतोच. तेलात बुडाल्यावर, शाफ्ट बऱ्यापैकी निवत आल्यावर, साधारण 300 अंशांच्या आसपास मार्टेन्साइट (पोलादाची कडक रचना) व्हायला लागतं आणि धातू फुगतो, तडा त्या ओढाताणीत जन्मतो. भट्टीतून निघालेला लाल शाफ्ट तपासून तो सापडणार नाही. टेम्परिंगमधून बाहेर पडताना मात्र तपासता येईल. गार होण्याची वाट वाचेल, फक्त गरम पोलादात लहर हळू जाते, म्हणून मोजमाप त्याच तापमानाच्या नमुन्यावर बसवून घ्यावं लागेल.

लाल असताना तपासण्यात अर्थ असेल तो एकाच परिस्थितीत: तडा मुळात बारमधून किंवा फोर्जिंगमधून आला असेल तर. ते कळण्यासाठी लेसरची गरज नाही. वर सांगितलेले तुकडे फोडाल तेव्हा भिंतीचा रंग पाहा. टेम्परिंगच्या भट्टीतला पातळ निळसर-करडा थर असेल तर तडा क्वेंचिंगमध्ये झाला. तेलाचं तापमान, कीवेच्या कोपऱ्याचा रेडियस आणि क्वेंचिंगनंतर जॉब टेम्परिंगसाठी किती वेळ पडून राहतो हे तपासा. संध्याकाळी क्वेंच करून सकाळी टेम्पर करत असाल तर ती सवय आधी मोडा. भिंत चकचकीत, स्वच्छ असेल तर तडा टेम्परिंगनंतरचा. आणि जाड काळी खपली असेल, सूक्ष्मदर्शकाखाली कडेचं कार्बन गेलेलं दिसत असेल, तर तो तडा तुमच्या शेडमध्ये येण्याआधीचाच आहे. तसं निघालं तर फोटो काढा, बारचा हीट नंबर (पोलादाच्या वितळणीचा क्रमांक) लिहा आणि मला कळवा, पुढचं त्यावरून ठरवू.